घरच्या मैदानाविना : कार्लाइलचा १९१२ सालचा मोसम

इतिहासाची साधने म्हणून आपण बखरी वाचतो, पत्रव्यवहार वाचतो, सनदा आणि दप्तरे चाळतो. खेळाच्या एखाद्या संघाचे वेळापत्रक मात्र निकाल कळला की टाकून देण्याची वस्तू मानली जाते. तारीख, गाव, प्रतिपक्ष आणि गुणसंख्या एवढ्या चार रकान्यांत वाचण्याजोगे असते तरी काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका वेळापत्रकाचे वाचन करू पाहत आहोत. ते अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल या शाळेच्या फुटबॉल संघाचे, १९१२ सालच्या मोसमाचे आहे. या संघाच्या विजयांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. ते विजय नेमके कशाचे होते हे समजण्यासाठी मात्र गुणसंख्येच्या रकान्यापेक्षा गावांचा रकाना अधिक काळजीपूर्वक वाचावा लागतो, असे आमचे म्हणणे आहे.

आधी दोन खुलासे करावयास हवेत. फुटबॉल म्हटले की आपल्याकडे पायाने खेळावयाचा गोल चेंडू डोळ्यांपुढे येतो. येथे अभिप्रेत असलेला खेळ वेगळा आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू हातांत घेऊन, समोरच्या अकरा जणांची फळी भेदत, त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे न्यावयाचा असतो. अंगावर अंग घालून खेळण्याचा हा दांडगा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, पेनसिल्व्हेनिया अशा पूर्वेकडील धनिक विद्यापीठांत वाढला आणि तेथल्या वरिष्ठ वर्गाच्या पौरुषाची जणू परीक्षा बनला. दुसरा खुलासा शब्दाचा. 'रेड इंडियन' हा शब्द आपल्याकडे पाठ्यपुस्तकांनी रुळवला. कोलंबसाच्या भूगोलाच्या चुकीला कातडीच्या रंगाची जोड देऊन तो तयार झाला आहे. आम्ही 'मूलनिवासी' हा शब्द वापरला आहे, आणि शक्य तेथे त्या त्या राष्ट्राचे नाव दिले आहे. शाळेच्या नावातील 'इंडियन' अर्थात तसाच ठेवावा लागतो. तो तेथे का आहे, याचा विचार पुढे येईलच.

आता वेळापत्रक पाहू. २१ सप्टेंबरला अल्ब्राइट, २५ ला लेबनन व्हॅली, २८ ला डिकिन्सन. हे तीन सामने गावातच झाले. डिकिन्सन तर कार्लाइल गावातलेच महाविद्यालय. गुणसंख्या अनुक्रमे ५०-७, ४५-० आणि ३४-०. घरचा भाग येथे संपतो. २ ऑक्टोबरला हॅरिसबर्ग येथे व्हिलानोव्हाविरुद्ध ६५-०. तीनच दिवसांनी राज्याच्या पश्चिम टोकाला वॉशिंग्टन अँड जेफरसन महाविद्यालयाशी ०-० अशी बरोबरी. १२ ऑक्टोबरला न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे ३३-०. आदल्या वर्षी याच संघाने कार्लाइलला एका गुणाने हरवले होते. १९ ला पिट्सबर्ग, ४५-८. २६ ऑक्टोबरला, शनिवारी, राजधानी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनविरुद्ध ३४-२०. लगेच सोमवारी, २८ ला, सरहद्द ओलांडून कॅनडातील टोरांटो येथे ४९-१. २ नोव्हेंबरला लीहाय, ३४-१४. ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीचा संघ, २७-६. १६ ला फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून २६-३४ असा पराभव. २३ ला मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड, ३०-२४. आणि २८ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी, प्रॉव्हिडन्स येथे ब्राउन विद्यापीठावर ३२-० असा विजय.

चौदा सामने, बारा विजय, एक बरोबरी, एक पराभव आणि एकूण ५०४ गुण. क्रीडाइतिहासाची पुस्तके हे आकडे आदराने देतात. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्या हिशेबाने. २ ऑक्टोबर ते २८ नोव्हेंबर या अठ्ठावन्न दिवसांत या मुलांनी अकरा सामने खेळले आणि त्यांतला एकही स्वतःच्या मैदानावर नव्हता.

हा योगायोग नव्हता आणि त्या वर्षापुरता प्रकारही नव्हता. बड्या विद्यापीठांचे बहुतेक सामने त्यांच्या स्वतःच्या मैदानांवर होत. फिलाडेल्फियाचे फ्रँकलिन फील्ड १८९५ मध्ये उभे राहिले, हार्वर्डचे काँक्रीटचे स्टेडियम १९०३ मध्ये. हजारो प्रेक्षक तिकीट काढून तेथे बसत आणि पाहुण्या संघाला उत्पन्नाचा वाटा मिळे. कार्लाइल हे लहान गाव, शाळेचे मैदानही लहान. तेथे येऊन खेळण्यात बड्या विद्यापीठांचा ना लाभ होता ना मोठेपणा. उलट, मूलनिवासी मुलांचा संघ आपल्या शहरात येणार म्हटले की प्रेक्षकांची झुंबड उडे. त्यामुळे सोय सर्वांची झाली. यजमानांना गर्दी मिळाली, शाळेला पैसा आणि प्रसिद्धी मिळाली. फिरस्ती तेवढी मुलांच्या वाट्याला आली.

मुळात ही मुले कार्लाइलमध्ये तरी घरी होती काय? वेळापत्रकातल्या 'घर' आणि 'बाहेर' या साध्या भेदाचा अर्थ येथे गुंतागुंतीचा होऊ लागतो. त्यासाठी शाळेचा इतिहास पाहावा लागतो.

रिचर्ड हेन्री प्रॅट हे लष्करातील अधिकारी. फ्लोरिडातील फोर्ट मॅरियन येथे ठेवलेल्या मूलनिवासी युद्धकैद्यांना लिहावाचावयास शिकवण्याचा प्रयोग त्यांनी १८७० च्या दशकात केला. त्यातूनच १८७९ मध्ये कार्लाइलच्या रिकाम्या लष्करी बराकींत ही शाळा सुरू झाली. पहिली तुकडी लाकोटा मुलांची होती. शाळेत येताच त्यांचे केस कापले गेले, कपडे बदलले गेले, मातृभाषा बोलण्यास बंदी झाली. त्या पहिल्या तुकडीतल्या ल्यूथर स्टँडिंग बेअर यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत नाव कसे मिळाले ते सांगितले आहे. फळ्यावर काही खुणा लिहिल्या होत्या. त्यांचा अर्थ मुलांना ठाऊक नव्हता. हातात छडी देऊन एकेकाला त्यांतली एक खूण दाखवावयास सांगितले. जिच्यावर छडी टेकली ते त्याचे नाव झाले. माणसातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा, या आशयाचे प्रॅट यांचे १८९२ सालच्या भाषणातील वाक्य कुप्रसिद्ध आहे. ते स्वतःला या मुलांचे हितकर्ते समजत होते, ही गोष्ट शिक्षकी पेशातल्या आपणा सर्वांना अस्वस्थ करणारी आहे. मूलनिवासी नष्टच व्हावेत असे मानणारे लोक तेव्हा कमी नव्हते; त्यांच्या तुलनेत प्रॅट उदार ठरत. माणसाला माणूसपण देण्याची त्यांची अट मात्र एकच होती: त्याने आधीचे सर्व विसरावे.

१८७९ ते १९१८ या काळात १४० हून अधिक राष्ट्रांतील सुमारे ७,८०० मुले-मुली या शाळेत आली. सुट्टीतही अनेकांना घरी पाठवले जात नसे. 'आउटिंग' या नावाखाली गोऱ्या कुटुंबांच्या घरी, शेतांवर कामाला पाठवले जाई. तेव्हा ज्या संघाला घरचे मैदान नव्हते, त्याच्या खेळाडूंना राहते ठिकाणही घरचे नव्हते. वेळापत्रकातले ते पहिले तीन सामने 'घरचे' म्हणावयाचे ते केवळ खेळाच्या परिभाषेत.

फुटबॉल या शाळेत आला तोही परवानगीच्या वाटेने. एका सामन्यात एका मुलाचा पाय मोडला म्हणून प्रॅट यांनी बाहेरच्या संघांशी खेळण्यावर बंदी घातली होती. पुढे सुमारे चाळीस मुले त्यांच्या कचेरीत गेली आणि बंदी उठवण्याची विनंती त्यांनी केली. १८९३ मध्ये प्रॅट यांनी ती मान्य केली, पण दोन अटींवर. एक, समोरच्याने ठोसा मारला तरी परत मारावयाचा नाही, कारण मारलात तर पाहणारे म्हणतील की हे शेवटी रानटीच. दुसरी, काही वर्षांत देशातल्या सर्वांत बलाढ्य संघांना हरवून दाखवावयाचे. ही हकिगत प्रॅट यांच्याच आठवणींतून आपल्यापर्यंत येते. त्या चाळीस मुलांपैकी कोणाच्या लेखणीतून ती आलेली नाही. अटींचे स्वरूप मात्र खरे वाटते, कारण पुढचा सारा इतिहास त्या अटींप्रमाणेच घडला. इतरांना फुटबॉल खेळावयाचा होता. या मुलांना फुटबॉल खेळता खेळता आपण सभ्य आहोत हे सिद्धही करावयाचे होते, आणि तेही दुसऱ्याच्या मैदानावर, दुसऱ्याने नेमलेल्या पंचासमोर.

पंचाचा प्रश्न लगेच उभा राहिला. १८९६ च्या मोसमात कार्लाइलने प्रिन्स्टन, येल, हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया या चारही महासत्तांशी पाठोपाठ सामने खेळले आणि चारही गमावले. पण येलविरुद्ध गुणसंख्या ६-१२ होती आणि हार्वर्डविरुद्ध ०-४. न्यूयॉर्कमध्ये झालेल्या येलच्या सामन्यात जेकब जेमिसन चेंडू घेऊन रेषेपलीकडे पोहोचला, पण पंचाने आधीच शिट्टी वाजवल्याचे सांगून ते गुण नाकारले. हे पंच येलचे माजी खेळाडू होते आणि त्याच वेळी कार्लाइलचे प्रशिक्षकही होते. प्रेक्षकांनी निर्णयाचा निषेध केला. मुले मात्र मैदान सोडून गेली नाहीत, खेळत राहिली. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्यांच्या संयमाचे कौतुक झाले. पहिली अट अशी पाळली गेली. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या संयमाचे कौतुक करणे हे अन्याय दूर करण्यापेक्षा नेहमीच सोपे असते.

दुसऱ्या अटीची पूर्तता १८९९ मध्ये ग्लेन 'पॉप' वॉर्नर प्रशिक्षक म्हणून आल्यावर होऊ लागली. त्या वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा पराभव झाला आणि संघ थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गेला. खंडाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आगगाडीने जाऊन नाताळच्या दिवशी त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाला २-० असे हरवले. १९०७ मध्ये पेनसिल्व्हेनियावर २६-६, हार्वर्डवर २३-१५ आणि शिकागोवर १८-४ असे विजय मिळाले. १९११ मध्ये हार्वर्डला पुन्हा त्यांच्याच स्टेडियमवर १८-१५ असे नमवले.

या विजयांचे खेळातील कारण समजून घेणे महत्त्वाचे आहे. कार्लाइलची मुले बड्या विद्यापीठांच्या खेळाडूंपेक्षा बहुधा वजनाने हलकी आणि संख्येने थोडी असत. जुन्या फुटबॉलमध्ये भार हेच बळ होते. एकमेकांत गुंफलेल्या खेळाडूंचा लोंढा समोरच्या फळीवर आदळे आणि माणसे जायबंदी होत, प्रसंगी मरतही. मृत्यूंवरून ओरड झाल्यावर १९०६ मध्ये नियम बदलले आणि चेंडू हाताने पुढे फेकण्याची मुभा मिळाली. प्रतिष्ठित विद्यापीठांना या नव्या मुभेत फारसा रस वाटला नाही. कार्लाइलच्या संघाने ती हेरली. १९०७ मध्ये पीट हाउझर आणि फ्रँक माउंट प्लेझंट यांनी फिरकत जाणारा लांबचा चेंडू अचूक फेकण्याचे कसब दाखवले, तेव्हा आजच्या अमेरिकन फुटबॉलची चाहूल प्रेक्षकांना लागली. म्हणजे ज्यांना खेळात प्रवेशासाठी अर्ज करावा लागला, त्यांनी त्या खेळाचे व्याकरण बदलण्यात मोठा वाटा उचलला. घरचे मैदान नसलेल्याला नियमांचे पुस्तक अधिक बारकाईने वाचावे लागते, हेही त्यामागचे एक कारण असावे.

आता ९ नोव्हेंबर १९१२ च्या सामन्याकडे येऊ. हडसन नदीकाठच्या वेस्ट पॉइंट अकादमीत अमेरिकन लष्कराचे अधिकारी घडतात. १८९० च्या डिसेंबरात वुंडेड नी येथे याच लष्कराने शेकडो लाकोटा स्त्री-पुरुष-मुलांना ठार केले, त्याला तेव्हा पुरती बावीस वर्षेही झाली नव्हती. सामन्याआधी वॉर्नर यांनी मुलांना त्यांच्या वाडवडिलांचे मरण आणि समोर उभ्या असलेल्यांचे वाडवडील यांची आठवण करून दिली, असे सांगितले जाते. वॉर्नर यांनी या मोसमात 'डबल विंग' नावाची नवी रचना आणली होती. तीत खेळाडू दोन्ही अंगांना पसरून उभे राहत आणि चेंडू कोठून निघणार याचा प्रतिपक्षाला अंदाज येत नसे. कर्णधार जिम थॉर्प, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकून आलेला. चाली आखणारा गस वेल्च, गुण करणारा अलेक्स आर्कासा, आघाडीला जो गायोन. लष्कराच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा तरुण होता. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. लष्कराच्या कर्णधाराला गायोनवर हात टाकल्याबद्दल पंचांनी मैदानाबाहेर काढले. १८९३ मधल्या त्या पहिल्या अटीची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. ठोसा न मारण्याची ताकीद ज्यांना दिली गेली होती ते मैदानावर उरले, आणि ज्यांना सभ्यतेचा दाखला कोणी कधी मागितला नव्हता त्यांचा नायक बाहेर गेला. सामना कार्लाइलने २७-६ असा जिंकला.

हा सामना वुंडेड नीचा सूड म्हणून सांगण्याचा मोह मोठा आहे. तेव्हाच्या वृत्तपत्रांनाही तो आवरत नसे. कार्लाइलच्या सामन्यांच्या वार्तांकनात 'रणवाट', 'टाळू उतरवणे', 'कत्तल' हे शब्द नित्याचे होते; व्यंगचित्रांत फुटबॉलच्या पोशाखावर पिसांचा मुकुट चढवला जाई. हरलेल्या मूलनिवाशांना मैदानावर तासाभरासाठी जिंकू देणे ही प्रेक्षकांच्या दृष्टीने निर्धोक करमणूक होती. सूडाची ही गोष्ट आज सहानुभूतीने सांगितली जाते, पण तिची चौकट त्या वृत्तपत्रांचीच आहे. वुंडेड नी येथे मेले ते लाकोटा. थॉर्प सॅक अँड फॉक्स राष्ट्राचा, वेल्च आणि गायोन ओजिब्वे, आर्कासा दूर वायव्येकडच्या कोलव्हिलचा. लाकोटा आणि ओजिब्वे यांच्यात तर पूर्वापार वैर होते. या सर्वांची वाडवडिलांची स्मरणे वेगळी, भाषा वेगळ्या. परस्परांशी बोलावयाचे तर इंग्रजीतच. 'इंडियन' या एका शब्दात त्यांना कोंबले ते सरकारने आणि शाळेने.

येथे एक विपरीत गोष्ट घडलेली दिसते. ज्या शाळेला माणसातला इंडियन मारावयाचा होता, तिनेच निरनिराळ्या राष्ट्रांच्या मुलांना एकत्र आणून, एकाच पोशाखात, एकाच आगगाडीच्या डब्यात बसवून 'आपण सारे' ही जाणीव निर्माण होण्यास वाव दिला. १९११ मध्ये सोसायटी ऑफ अमेरिकन इंडियन्स ही विविध राष्ट्रांच्या मूलनिवासी सुशिक्षितांची संस्था स्थापन झाली. तिच्या पुढाऱ्यांत कार्लाइलशी संबंधित माणसे होती. दोन महिने गावोगाव फिरणाऱ्या संघात हीच जाणीव तयार झाली असावी असे आम्हांस वाटते. त्या दृष्टीने वेस्ट पॉइंटचा विजय भूतकाळाच्या सूडापेक्षा एका नव्या सहवासाचा पुरावा अधिक आहे.

पुढच्याच शनिवारी संघ पेनसिल्व्हेनियाकडून हरला. गौरवकथांना हा सामना अडचणीचा वाटतो आणि त्या तो एका ओळीत उरकतात. सलग नवव्या परगावच्या मैदानावरचा हा सामना होता, एवढे वेळापत्रक सांगते. थकवा हा त्या वेळापत्रकाचाच भाग होता.

या मुलांविषयीचा इतिहास आपण कोणाच्या शब्दांत वाचतो, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. शाळेचे साप्ताहिक होते, 'द इंडियन हेल्पर'. त्यात 'बँडस्टँडवरचा माणूस' नावाचा एक निनावी निवेदक असे. शाळेच्या आवाराच्या मध्यावरून तो सर्व मुलांना सदैव पाहत असे आणि त्यांच्या बारीकसारीक चुकांवर गोड शब्दांत शेरे मारी. हे पात्र छापखाना सांभाळणाऱ्या मॅरिआना बर्जेस या शिक्षिकेने चालवले होते. पाळत ठेवणारा निवेदक ही केवळ कथनतंत्रातली संज्ञा नसते, हे या साप्ताहिकावरून कळावे. झिटकाला-शा या यँक्टन डकोटा लेखिकेने कार्लाइलमध्ये काही काळ शिकवले आणि १९०० मध्ये 'अटलांटिक मंथली'त अशा शिक्षणाचा दाह मांडणारे लेख लिहिले. पण तेही इंग्रजीत, बोस्टनच्या मासिकात. लेखणीलाही तेथे घरचे मैदान नव्हते. १९११ पासून सुमारे तीन वर्षे मॅरिअन मूर ही पुढे आधुनिक इंग्रजी कवितेत अग्रगण्य ठरलेली कवयित्री या शाळेत व्यापारविषयक वर्ग घेत होती आणि थॉर्प तिचा विद्यार्थी होता, ही माहिती अनेक वाचकांना नवी असेल.

थॉर्पच्या नावावरचे सर्वांत प्रसिद्ध लेखन म्हणजे १९१३ च्या जानेवारीतले पत्र. १९०९ आणि १९१० मध्ये नॉर्थ कॅरोलिनात त्याने किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळल्याचे वृत्तपत्रांतून उघड झाले. ऑलिंपिकच्या तत्कालीन नियमांनुसार असा खेळाडू अपात्र ठरे. पूर्वेकडची अनेक महाविद्यालयीन मुले खोट्या नावाने हेच करीत; थॉर्पने स्वतःचे नाव वापरले होते. त्याच्या सहीच्या पत्रात, मी एक अजाण इंडियन विद्यार्थी होतो, मला यातले कळत नव्हते, अशा आशयाची कबुली आहे. त्या पत्राची भाषा वॉर्नर यांची, असे अनेक अभ्यासक मानतात. वॉर्नर यांनी आपल्याला काही ठाऊक नव्हते असे सांगितले आणि त्यांची नोकरी कायम राहिली. पदके थॉर्पची गेली.

संघाचा स्वतःचा आवाज ऐकावयाचा तर १९१४ सालापर्यंत थांबावे लागते. शाळेच्या कारभाराविषयी विद्यार्थ्यांनी तक्रार अर्ज केला. त्यात पुढाकार घेणाऱ्यांत गस वेल्च होता. वेस्ट पॉइंटला चाली आखणारा तोच. काँग्रेसच्या संयुक्त आयोगाने कार्लाइलला येऊन साक्षी घेतल्या. सामन्यांच्या उत्पन्नाच्या निधीतून खेळाडूंना दिलेले पैसे, त्याच निधीतून प्रशिक्षकासाठी बांधलेले घर, मुलांना होणारी शिवीगाळ, एका विद्यार्थिनीला झालेली मारहाण हे सारे कागदावर आले. वेल्चने आयोगापुढे सांगितले की वॉर्नर प्रशिक्षक म्हणून चांगले आहेत, पण त्यांना तत्त्व नाही. एका वाक्यात कौशल्याचे श्रेय आणि माणसाचे माप, दोन्ही. आमच्या मते कार्लाइलच्या फुटबॉलवरचे सर्वांत नेमके समीक्षावाक्य हेच आहे. अधीक्षकांना पद सोडावे लागले, वॉर्नर त्या मोसमानंतर पिट्सबर्गला गेले. जे विजय वृत्तपत्रांनी साजरे केले त्यांपेक्षा ही साक्ष अधिक धैर्याची म्हणावी लागते. मैदानावर निदान पंच असतो आणि अकरा जण बरोबरीने उभे असतात.

१९१८ मध्ये शाळा बंद झाली आणि बराकी पुन्हा लष्कराकडे गेल्या. आज तेथे लष्कराचे युद्धविषयक महाविद्यालय आहे. थॉर्प १९५३ मध्ये वारला. ओक्लाहोमात, आपल्या लोकांत, त्याचे अंत्यविधी चालू असतानाच त्याच्या तिसऱ्या पत्नीने देह हलवला आणि अखेर पेनसिल्व्हेनियातील एका गावाशी करार केला. त्या गावाने आपले नाव बदलून 'जिम थॉर्प' असे केले. थॉर्प हयात असताना तेथे कधी गेल्याची नोंद नाही. देह परत मिळावा म्हणून त्याच्या मुलांनी न्यायालयात दिलेला लढा २०१५ मध्ये संपला. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. ऑलिंपिक समितीने १९१२ च्या दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लिहिले ते २०२२ मध्ये. नोंद दुरुस्त झाली. देह मात्र अजून परगावीच आहे.

कार्लाइलच्या आवारात एक दफनभूमी आहे. शाळेत असताना क्षयाने आणि इतर रोगांनी मेलेली मुले तेथे पुरली गेली. काही दगडांवरची नावे चुकीची आहेत, काहींवर नावच नाही. २०१७ पासून कुटुंबांच्या आणि राष्ट्रांच्या मागणीवरून लष्कर एकेका मुलाचे अवशेष परत देऊ लागले. २०२१ च्या जुलैत रोझबडच्या लाकोटांची नऊ मुले साउथ डकोटात घरी पोहोचली. शाळेच्या पहिल्या तुकडीतली मुले १८७९ मध्ये याच रोझबडहून आणि शेजारच्या पाइन रिजहून निघाली होती. २०२४ च्या ९ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी कार्लाइलच्या जागेला राष्ट्रीय स्मारक घोषित केले.

संघाच्या वेळापत्रकात परतीच्या प्रवासाचा रकाना नसतो. सामना झाला, गुण लिहिले, पुढचे गाव. कार्लाइलच्या इतिहासात तो रकाना आता कोठे भरला जाऊ लागला आहे, आणि तो भरणारी माणसे त्या मुलांच्याच घरची आहेत.